वळूच्या प्रयोगाचं विरजण

प्रयोगशाळेतला फ्रीज नेमका प्रयोगाच्या आदल्या दिवशी बंद पडला, म्हणून सुनेने जिवाणूंची बाटली घरी आणून दुधाच्या पातेल्यामागे ठेवली. वळूचं वीर्य गोठवून साठवताना त्यात घातक जंतू वाढू नयेत, म्हणून औषधाऐवजी चांगले जिवाणू घालून बघायचे, ही तिची कल्पना. साहेबांनी बजावलं होतं, "दोनदा फसलंय. आता शुक्रजंतू तगले नाहीत, तर प्रयोग बंद!"

सासूबाईंनी बाटली उजेडात धरली. "यात वळूचं काही नाही ना गं?"

"नाही हो आई! दह्यात असतात तसलेच जिवाणू."

एवढं बोलून ती अंघोळीला गेली, आणि तिथेच घोळ झाला.

सकाळी तिने बाटलीतलं पाणी वीर्यात मिसळलं, नळ्या भरून गोठवल्या. दुसऱ्या दिवशी एक नळी वितळवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अहाहा! शुक्रजंतू नुसते सुसाट पळत होते. साहेबही वाकून वाकून बघत राहिले. "उद्या हेच जिवाणू घालून पुन्हा करून दाखवा. मग बंदची भाषा नाही!"

ती उड्या मारतच घरी आली. सासूबाईंचा चेहरा मात्र पडला.

"अगं, परवा विरजण संपलं होतं. तूच म्हणालीस, दह्यातलेच. ओतली बाटली दुधात."

"सगळी?"

"दही झकास लागलं. तू दोनदा घेतलंस."

"मग मी नेलं काय?"

"वरच्या काकूंच्या दह्याचं पाणी, गाळून. त्या रात्री जेवताना तू म्हणालीस ना, या बाटलीवर सगळं अवलंबून आहे? वर्षभर तिचं तोंड बघितलं नव्हतं मी, पण तुझ्यासाठी जिना चढले!"

सुनेला हसावं की रडावं कळेना. साहेबांना खरं काय ते सांगायला हवंच होतं, पण त्याआधी तेच विरजण हातात हवं होतं. तिने वाटी उचलली आणि वर जाऊन बेल वाजवली.

"काकू, थोडं विरजण द्याल?"

"पुन्हा? कशाला?"

थाप मारणं तिच्या जिवावर आलं. "वळूसाठी."

काकूंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "परवा सासू म्हणाली सुनेसाठी, आज सून म्हणते वळूसाठी. तुमच्या घरात एकदा काय ते ठरवा बाई!" त्या वाटी घेऊन आत गेल्या आणि दारातूनच परत वळल्या.

"पण आवडलं का गं त्याला?"