प्लॅनमधला गोल

अर्धा कप चहा पिऊन झाल्यावर अण्णांच्या लक्षात आलं, की हे आपलं घर नाही.

लक्षात आलं तेही चहामुळे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून सून त्यांच्या चहात साखर घालत नसे, आणि हा चहा चांगला गोड होता. तोवर अण्णांनी दाराशी चपला काढल्या होत्या, उजवीकडच्या न्हाणीघरात पाय धुतले होते, खिडकीखालच्या सोफ्यावर बसून आत बघून "चहा टाक गं" असं सांगितलं होतं आणि आतून "टाकते" असं उत्तरही आलं होतं. मग त्यांनी पेपरमध्ये डोकं घातलं. कप कोणी आणून ठेवला हे बघायची वेळच आली नाही. आता त्यांनी पेपर खाली केला, तर समोर एक अनोळखी बाई हातात ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही ह्यांचे काका ना?" बाईंनी विचारलं.

"कोणाचे?"

"ह्यांचे हो. ह्यांच्याकडची माणसं न कळवताच येतात, म्हणून मी काही बोलले नाही."

"मी अठ्ठावन्न नंबरचा."

"हा सत्तर," बाई म्हणाल्या. त्यांना विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. "एक गल्ली पुढे आलात. संपवा आता चहा. मागच्या आठवड्यात चौऱ्याण्णववाले आले होते, ते जेवूनच गेले."

त्या वसाहतीत बारा गल्ल्या होत्या, प्रत्येक गल्लीत बारा घरं. एकशे चव्वेचाळीस घरांच्या भिंती सायीच्या रंगाच्या आणि दारं तपकिरी. प्रत्येक दाराच्या उजवीकडे न्हाणीघर, खिडकीखाली सोफा मावेल एवढीच जागा. त्यामुळे सोफाही सगळ्यांचा तिथेच. घरांना नंबर होते, पण शोभा बिघडू नये म्हणून ते एक इंच उंचीचे आणि भिंतीच्याच रंगाचे होते. नंबर वाचायचा तर दारापर्यंत जावं लागे, आणि दारापर्यंत गेलेला माणूस सहसा आत जातोच.

सगळ्या वसाहतीत वेगळी अशी एकच गोष्ट होती. सातव्या गल्लीत, ब्याऐंशी नंबरसमोर, ऐन रस्त्यात एक गोल कट्टा होता. तो कशासाठी आहे हे कोणाला माहीत नव्हतं. त्याच्यावर झाड नव्हतं, दिवा नव्हता, आणि गाडी वळवताना प्रत्येकजण एकदा तरी त्याला धडकलेला होता. पण तो काढा म्हणायची सोय नव्हती, कारण तो प्लॅनमध्ये होता. वसाहतीत वाद झाला की सेक्रेटरी एवढंच विचारत, "प्लॅनमध्ये आहे का?" आणि वाद तिथेच मिटे.

हे सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. दुकानदारांची मापं तपासण्यात उभी नोकरी गेली, आता रहिवाशांची तपासत. हातात मोजपट्टी घेऊन ते रोज संध्याकाळी गल्ल्यांतून फिरत, आणि फिरताना त्यांचे ओठ सारखे हलत असत. लोक म्हणत, ते नियम पाठ करतात.

अण्णा स्वतः चौतीस वर्षं नगररचनेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. वरून आलेल्या आकड्यांवरून त्यांनी शेकडो वसाहतींचे नकाशे काढले, पण त्यातली एकही वसाहत डोळ्यांनी पाहिली नाही. नकाशा काढणाऱ्याने जागेवर जायचं नाही असा ऑफिसचा रिवाज होता. बायको गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले. दिवसातले तेवीस तास ते घरातल्यांच्या सोयीने वागत, पण संध्याकाळी पाचचा एक तास त्यांचा स्वतःचा असे. तेव्हा ते एकटेच फिरायला जात, आणि या एका तासासाठी बाकीचे तेवीस त्यांना सुसह्य वाटत.

सत्तर नंबरचा चहा त्या तासाच्या मुळावर आला. महिन्यातली ही तिसरी वेळ होती. त्याआधी त्यांनी शेहेचाळीस नंबरच्या कुंडीतली फांदी छाटली होती, आणि त्याच्याही आधी कोणाच्या तरी जावयाला "आता सोफ्यावरून उठा" म्हणून सांगितलं होतं. मुलगा विमा कंपनीत होता. धोका दिसला की तो आधी दार बंद करी आणि मग विचार करी.

"अण्णा, उद्यापासून एकट्याने बाहेर जायचं नाही. रविवारी मी नेत जाईन."

"आणि बाकीचे सहा दिवस?"

"गच्ची आहे की."

"गच्चीवर माणूस फिरत नाही, गोल गोल हिंडतो," अण्णा म्हणाले आणि ताटावरून उठले.

वाट काढली ती सुनेने. "अहो, घराला काहीतरी खूण ठेवा ना. लांबून दिसेल अशी. अण्णा, तुमचं ते ऑफिसचं स्टूल आहे बघा."

निरोप समारंभात अण्णांना त्यांचंच स्टूल भेट मिळालं होतं. दुसरं काही ऑफिसला सुचलं नसावं. नकाशाच्या टेबलाशी बसायचं ते उंच, लाकडी स्टूल फाटकाशेजारी उभं राहिलं आणि खरोखरच गल्लीच्या टोकावरून दिसू लागलं. मुलाने एक आठवडा मुदत दिली. आठही दिवस अण्णा बरोबर सहाला बरोबर घरी आले.

नवव्या दिवशी नोटीस आली. 'घर क्र. ५८ समोर मान्य प्लॅनमध्ये नसलेली वस्तू (उंच, लाकडी, चार पायांची) आढळून आली आहे. रविवारच्या सभेत खुलासा करावा.'

खुलासा सुनेने केला. "वस्तू स्टूल आहे. चार पाय आहेत हे खरं आहे. पण ते काढलं तर आमच्या सासऱ्यांना घर सापडत नाही."

"स्टूल प्लॅनमध्ये आहे का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही."

"मग विषय संपला."

पण विषय संपला नाही. बारा नंबरचे दाताचे डॉक्टर उठले आणि जरा चाचरतच म्हणाले, "तसं म्हटलं तर, कधीकधी मलाही सापडत नाही." मग मागून कोणीतरी म्हणालं, "मी तर रोज गाडीचा हॉर्न वाजवतो. जिथून ही बाहेर येते, ते आमचं." पाहता पाहता निम्मी सभा हरवलेली निघाली. प्रत्येकजण इतकी वर्षं आपल्यालाच घर सापडत नाही असं समजून गप्प होता. सेक्रेटरी मात्र मोजपट्टी गुंडाळत, उलगडत बसले होते.

"ह्यांना स्टूल, मग आम्हाला का नको?" डॉक्टरांना आता धीर आला होता.

सेक्रेटरींनी विचार केला. "एकाला दिलं तर शिस्त मोडते. सगळ्यांना दिलं तर तीच शिस्त होते," ते म्हणाले. ठराव झाला: प्रत्येक घरासमोर स्टूल, एकाच उंचीचं, एकाच रंगाचं, फाटकाच्या उजवीकडे एक फूट अंतरावर. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आपलं पुन्हा काय होणार हे अण्णांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही ड्राफ्ट्समन ना? मग सुतारासाठी स्टुलाचा नकाशा तुम्हीच काढून द्या," आणि अण्णा सगळं विसरले.

निवृत्तीनंतरचं पहिलंच काम. अण्णांनी तीन दिवस बसून स्टूल समोरून, बाजूने आणि वरून काढलं. डाव्या पायाला उंदराने कुरतडल्याची खाच होती, तीही प्रामाणिकपणे दाखवली. सुतारही प्रामाणिक होता. त्याने एकशे त्रेचाळीस स्टुलं केली आणि प्रत्येकाच्या डाव्या पायाला ती खाच पाडली.

"ही कशाला रे बाबा?" सुनेने त्याला विचारलं.

"नकाशात आहे, ताई," सुतार म्हणाला.

स्टुलं लागली त्याच संध्याकाळी अण्णा फिरून परत आले, लांबून आपलं स्टूल पाहिलं, जवळ येऊन खाचेवर बोट फिरवून खात्री केली आणि आत शिरले. घरात कोणी दिसलं नाही. दिवस उन्हाळ्याचे होते, ते जरा आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच दाराशी कोणी तरी म्हणालं, "कोण आहे?"

"मीच," अण्णा चादरीतून म्हणाले. "दार लोटून घे, झळ येतेय."

दार कोणी लोटलं नाही, म्हणून अण्णांनी चादर बाजूला केली. पायथ्याशी सेक्रेटरी उभे होते, हातात मोजपट्टी घेऊन. घर एकशे सहा नंबरचं, सेक्रेटरींचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आता बास झालं," सेक्रेटरी म्हणाले. "मी आजच तुमच्या मुलाला लेखी कळवतो. तुम्ही एकटे बाहेर पडायचं नाही."

"सगळी घरं सारखी आहेत, साहेब. त्यात माझी काय चूक?"

"मग काय प्लॅनची चूक?" सेक्रेटरींना हे फार लागलं. "या इकडे, दाखवतोच तुम्हाला."

त्यांनी कपाटावरून नळकांडं काढलं आणि जेवणाच्या टेबलावर प्लॅन पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. एवढ्यात सेक्रेटरींच्या पत्नी बाहेरून आल्या आणि घरात आलेल्या माणसाला चहा विचारायला हवा म्हणून आत गेल्या.

"बघा किती स्वच्छ आहे," सेक्रेटरी म्हणाले. "चौकोन ते घर. ठिपका तो दिव्याचा खांब. ह्यात कुठे हरवायला जागा आहे?"

अण्णा पाहत होते. चौकोनांच्या कोपऱ्यांत रेषा एकमेकींना किंचित ओलांडून गेल्या होत्या. अशा रेषा ओलांडायची सवय ऑफिसात एकाच माणसाला होती. त्यांनी खालचा उजवा कोपरा पाहिला. तिथे त्यांचीच आद्याक्षरं होती.

मग त्यांना सगळं आठवलं. शनिवारची दुपार, साहेबांची घाई. त्यांनी घर एकदाच काढलं होतं, आणि बाकीची एकशे त्रेचाळीस ट्रेसिंग पेपर सरकवत गिरवली होती. साहेब म्हणाले होते, काय सुबक काम आहे. अण्णांना शरम वाटली; थोडा अभिमानही वाटला, पण शरम जास्त. आपणच खणलेल्या खड्ड्यात ते इतके दिवस पडत होते.

"आणि हा गोल?" त्यांनी सातव्या गल्लीवर बोट ठेवलं.

"तो आपला कट्टा." सेक्रेटरींचा आवाज खाली आला. "त्याचा अर्थ तुम्हाआम्हाला कळायचा नाही. ज्याने हे योजलं त्याची दृष्टीच मोठी असणार. सगळं सरळ, सगळं सारखं, आणि मध्येच एक गोल."

अण्णांना त्याचा अर्थ नीट आठवत होता. त्या शनिवारी टेबलावर दुसरी जागा नव्हती, म्हणून त्यांनी चहाचा कप ट्रेसिंगवर ठेवला होता. छपाईत शाई आणि चहा यांत फरक उरला नाही.

बाईंनी चहा आणून दिला. कप काठोकाठ भरलेला होता, थोडा बाहेरून ओघळलाही होता.

"तुमची स्टुलं वाऱ्याने हलतात," सेक्रेटरी सांगत होते. "पक्की बसवून घेणार आहे. उद्याच ह्याची झेरॉक्स काढून कंत्राटदाराला द्यायची आहे. थांबा, कळवायचा कागद आणतो." आणि ते आतल्या खोलीत गेले.

अण्णांनी एक घोट घेतला. मग पाचवी गल्ली शोधली, चौकोन मोजले, आणि अठ्ठावन्न नंबरसमोर कप अगदी सावकाश टेकवला. चौतीस वर्षांची नोकरी हातात होती. उचलताना मात्र हात किंचित हलला आणि एक थेंब जाऊन नवव्या गल्लीत पडला. पुसावा म्हणून अण्णांनी रुमाल काढला, तोच सेक्रेटरी कागद घेऊन आले आणि प्लॅनची गुंडाळी झाली.

पत्र मिळाल्यावर मुलाने अण्णांच्या चपला कपाटात ठेवल्या. पुढचे पंधरा दिवस अण्णा गच्चीवर हिंडले. सोळाव्या दिवशी खाली फावड्यांचा आवाज आला.

"काय चाललंय हे?" मुलगा धावत बाहेर गेला. "आमच्या दारात का खणताय?"

गवंड्याने झेरॉक्स पुढे केली. "गोल आहे, साहेब. बांधायचा राहून गेला होता."

मुलगा तसाच सेक्रेटरींकडे गेला. सेक्रेटरींनी झेरॉक्स पाहिली, दोन वेळा पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला. "इतकी वर्षं माझ्या नजरेतून कसा सुटला," एवढंच ते म्हणाले. आठवड्यात कट्टा उभा राहिला. मुलाने त्याला गाडी दोनदा घासली आणि मग अण्णांच्या चपला मुकाट्याने दाराशी आणून ठेवल्या.

त्या संध्याकाळी अण्णा पाचला निघाले. नवव्या गल्लीत आल्यावर त्यांची पावलं थबकली. एकशे सहा नंबरच्या ऐन फाटकात दिव्याचा नवा खांब उभा होता. फाटक अर्धंच उघडत होतं आणि सेक्रेटरी अंग चोरून त्यातून बाहेर येत होते. अण्णांना मनापासून वाईट वाटलं. गोल त्यांनी मुद्दाम ठेवला होता, थेंब मात्र खरोखरच चुकून पडला होता. पण थेंबाचं सांगायचं तर गोलाचंही सांगावं लागलं असतं.

"हा खांब जरा सरकवता नाही का येणार?" त्यांनी विचारलं.

"प्लॅनमध्ये आहे," सेक्रेटरी म्हणाले.

सेक्रेटरींच्या हातात आज मोजपट्टी नव्हती, ओठही हलत नव्हते. त्यांनी गल्लीत दोन्हीकडे पाहून घेतलं.

"एक सांगू? कोणाला बोलू नका," ते हळूच म्हणाले. "अकरा वर्षांत काल पहिल्यांदा मी घरं न मोजता घरी आलो."