कोपऱ्यावरच्या सहा कुंड्या

"दोन आठवड्यांत कोपरा आरशासारखा करून दाखवतो," असं ग्यूवननं प्राध्यापकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. दक्षिण कोरियातल्या बुसान शहराच्या डोंगरउतारावरच्या त्या गल्लीत लोक वर्षानुवर्षं कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्या टाकत. पाट्या लावून झाल्या, दंडाची भीती घालून झाली, ढीग काही हलला नव्हता. विद्यापीठानं हे काम ग्यूवनच्या चौघांच्या गटाला दिलं. ग्यूवनचं म्हणणं, तिथे फुलं ठेवली की कचरा टाकायला कुणाचा हात धजणार नाही.

सहा कुंड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कचरा होताच, कुंड्या मात्र पाच होत्या. तिसऱ्या दिवशी चार.

ग्यूवनच्या मनात पाल चुकचुकली. चोर गल्लीतलाच. चौघांनी टोप्या घातल्या, मास्क चढवले आणि विजेच्या खांबाआडून पाळत सुरू केली. आधी लोकांशी बोलून तरी बघू, असं गटातल्या सोरानं सुचवलं. संशयिताशी बोललं की तो सावध होतो, असं म्हणून ग्यूवननं तिला गप्प केलं.

त्याचा संशय बुन्नम आजीवर होता. ऐंशीच्या घरातली ही बाई निळ्या फाटकाच्या घरात एकटी राहायची. दिवसातून चारदा फाटक बोटभर उघडून ती एका डोळ्यानं बाहेर बघायची. "निर्दोष माणूस दोन्ही डोळ्यांनी बघतो," ग्यूवन म्हणाला आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं.

कचरा येणं मात्र बंद झालं होतं. कुंड्याही संपत आल्या होत्या. सातव्या दिवशी दुपारी ग्यूवन बुटाची नाडी बांधायला वाकला, तेवढ्यात शेवटचीही गेली.

तो तडक आजीच्या भिंतीवर चढला. अंगणात सहाच्या सहा कुंड्या उन्हात ओळीनं मांडलेल्या. फोटो काढायला त्यानं फोन वर धरला, पाय सटकला आणि स्वारी खालच्या रांजणांवर आदळली. एकाचं झाकण फुटलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत दोन वर्षं मुरवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात गेला.

आजी जराही दचकली नाही. एका हातानं तिनं त्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं फोन लावला. "आलाय. हो, तोच, खांबाआडचा."

पोलीस आला तो फाइल घेऊनच. आत आजीनं फाटकाच्या फटीतून काढलेले चौघांचे फोटो; एकात ग्यूवन खांबाआड किंबापची भाताची गुंडाळी खात होता. चार दिवसांपूर्वीच आजीनं तक्रार दिली होती आणि गल्लीत घरोघरी निरोप गेला होता की तोंडं झाकलेले चार लोक टेहळणी करताहेत, कोपऱ्याकडे कुणी फिरकू नका. म्हणून कचराही फिरकला नव्हता.

"पण आजी, कुंड्या का उचलल्या?" ग्यूवननं रडवेल्या आवाजात विचारलं.

"माना टाकल्या होत्या बिचाऱ्यांनी. दिवसभर टक लावून बघत बसलात, घोटभर पाणी घालायचं एकालाही सुचलं नाही?"

प्राध्यापक आले तेव्हा गल्लीकरांनी काम पसंत असल्याचं सांगितलं. फुलं नकोत, पण या चौघांना सत्र संपेपर्यंत रोज संध्याकाळी मास्क लावून उभं करा, एवढीच त्यांची मागणी होती. सोरा विरोध करील म्हणून ग्यूवननं तिच्याकडे आशेनं पाहिलं. ती वेळापत्रक लिहून घेत होती.

"आणि याला सगळ्यात पुढे ठेवा," आजी ग्यूवनकडे बोट दाखवत म्हणाली. "याला मास्कचीही गरज नाही."