तांडेलाची हजेरी

कारंज्याच्या आमच्या गल्लीत दिवे लागले की गणपत तांडेल हजेरी घ्यायचा. ओट्यावर उभा राहायचा, तोंडाशी दोन्ही हात धरायचा आणि एकेका घरच्या माणसाच्या नावानं आरोळी ठोकायचा.

"रामजीभाऊ!"

"हाये!"

"तान्हीबाई!"

"हाये बापा, हाये! अजून मेली नाही!"

उत्तर आलं नाही तर पुन्हा. तरीही नाही आलं तर आणखी मोठ्यानं. शेवटचं नाव माझं. माझा ओटा त्याच्या भिंतीला लागून, पण ओरडायचा असा की जणू मी आफ्रिकेत बसलोय.

आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेला तो एकटाच. तरुणपणी धाकट्या भावाला घेऊन कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेला आणि तिथून दोघं शिडाच्या गलबतावर खलाशी होऊन झांजिबारला. बैल हाकणारा माणूस. आवाज मोठा म्हणून तिथल्या तांडेलानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, संध्याकाळची हजेरी याच्यावर सोपवली. अंधारात कोण पाण्यात पडलं ते दिसत नाही, म्हणून नावं घ्यायची. एवढ्या भांडवलावर हा गावी येऊन स्वतःच तांडेल झाला.

गलबतावरून उतरला, पण गलबत त्याच्या अंगातून उतरलं नाही. घरात तांब्यापासून कंदिलापर्यंत प्रत्येक वस्तू सुतळीनं बांधलेली. काहून, असं विचारलं तर म्हणे, "डोलते ना बे!" काय डोलतं? कारंजं? विहिरी तुडुंब असल्या तरी पाहुण्याला पाणी अर्धी लोटी. "दर्यावर दिवसाले एक लोटी भेटे. तोंड धुवाचं खाऱ्या पान्यानं. ओठ फाटले तं फाटले." वारा पडला की शीड ओल्या धोतरासारखं लोंबायचं, गलबत जागचं हलायचं नाही आणि मग त्या लोटीवरून सख्खी माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, असं सांगायचा. सांगताना मध्येच थांबायचा आणि सुतळीची गाठ तपासायचा.

जेवायला बसला की पहिला घास दर्याला. दर्या कारंज्यात नाही, म्हणून तो घास खिडकीतून माझ्या ओट्यावर. वरणभात, थेट माझ्या कापसाच्या नमुन्यावर! मी भांडायला गेलो तर म्हणाला, "तुले देल्लाच नाही, दर्याले देल्ला."

हे सगळं मी सोसलं. सौदा बुडवला ते सोसणार नाही.

मी पाठीवर गाठी वाहून दलाल झालो. बापानं काही ठेवलं नाही. होती ती ही बोटं. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटांनी बोलायचं. समोरच्यानं पुढे केलेली बोटं मुठीत आवळली की भाव कबूल. मग देव आला तरी फिरत नाही. त्या संध्याकाळी मोठा खरेदीदार ओट्यावर बसला होता. हंगामभर जमवलेला माझा कापूस, त्यानं तीन बोटं पुढे केलेली, मी हात ढिला ठेवून बसलेलो. एक हाक कानावरून गेली. चौथं बोट आता येणार, नक्की येणार, आणि कानाशी दुसरी आरोळी: "किसनभाऊऽऽ!"

मी दचकलो. मूठ आवळली गेली. खरेदीदार हसला आणि रुमाल उचलला.

मी गणपतला नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणतो, "पयल्याच आवाजाले हाये म्हनला असता, तं दुसऱ्यांदा कायले ओरडलो असतो मी?"

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, बोंबल आता. आतल्या खोलीत पाटावर बसून राहिलो.

"किसनभाऊ!"

बायको म्हणाली, "द्या ना आवाज. काय जाते तुमचं?"

"हंगाम गेला माहा!"

पाच-सहा आरोळ्या झाल्या. मग बंद. जिंकलो, असं वाटलं. तेवढ्यात मागच्या अंगणात रहाट करकरला. धावत गेलो. दोराचं एक टोक रहाटाला, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि म्हातारा माझ्या विहिरीत छातीभर पाण्यात. हात बुडवून चाचपत होता.

"बुढ्या, काय करून राह्यला तिथं?"

त्यानं वर पाहिलं. वाटलं, आता शिव्या देईल.

"हायेस ना तू," एवढंच म्हणाला.

बाहेर ओढला तेव्हा दात वाजत होते त्याचे. मी कावलो, "अरे, रुसून बसलो होतो मी! रागानं!"

"तवा बी मले तसंच वाटलं," तो म्हणाला. "लोटीभर पान्यावरून भांडलो भावाशी. सांजच्याले त्याचं नाव घेतलं, बोलला नाही. म्हनलं, रुसला असन. बोलन सकाऊन." सुतळी शोधावी तसा त्याचा हात दोरावरून फिरत होता. "सकाऊन गलबतावर नव्हता. सगळ्याइचं नाव मी घ्याचो. आखरीले माहं नाव तो घ्याचा."

ऐकून घेतलं. पण त्यानं माझा कापूस परत येत नाही. मी त्याच्याशी अबोला धरला. संध्याकाळी 'हाये' तेवढं फेकायचो. मात्र एक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. माझं नाव झालं तरी तो आत जात नसे. गल्लीकडे कान देऊन थोडा वेळ उभा राही. मग कंदील उचली.

पुढच्या हंगामात तोच खरेदीदार, तोच रुमाल, पुन्हा तीन बोटं.

"किसनभाऊ!"

"हाये!" या वेळी हात ढिलाच ठेवला. एकदा फसलो, ते पुरे होतं.

पण म्हातारा हलेना. ओट्यावर तसाच उभा, कान देऊन. मला संताप आला. त्याचा, त्याच्या त्या रुसक्या भावाचा, आयुष्यात न पाहिलेल्या दर्याचा. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "अन् तू बे, बुढ्या?"

त्यानं मान वळवून माझ्या ओट्याकडे पाहिलं. मग त्या एवढ्या मोठ्या गळ्यातून अगदी बारीक आवाज आला.

"हाये."

ओरडताना माझी मूठ आवळली गेली होती. खरेदीदारानं रुमाल उचलला.