सात अंगरख्यांचें वर्तमान

श्री वाग्देवता साक्ष असे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मासीं एका राज्याच्या थोरल्या विद्यापीठीं जें वर्तलें तें यथास्थित लिहिलें असे. तेथें वार्ताविद्येची शाळा होती, आणि तींत आठ गुरूंच्या जागा होत्या, आणि सात गुरू वयपरत्वें निवृत्त जाहले, मग नवे कोणी नेमिलेच नाहींत, आणि गोपाजीपंत एकटे उरले. तेच बातमी लिहिणें शिकवीत, तेच छपाई शिकवीत, तेच परीक्षा घेत. मग राजधानीहून तपासनीस येणार ऐसा सांगावा आला, आणि कुलगुरूंनीं आज्ञा केली, "सात खुर्च्यांवर सात अंगरखे घाला. पुढचें आम्ही पाहून घेऊं."

तपासनीस भर दुपारीं आले. पंतांस वाटलें, आतां शोभा होणार. परंतु तपासनीस पहिल्या अंगरख्यापुढें अदबीनें बसले, आणि प्रश्न विचारिला, आणि मान डोलावून उत्तर लिहून घेतलें. मग दुसऱ्यापुढें बसले आणि खळखळून हसले, जणूं त्यानें थट्टा केली. खिडक्या बंद होत्या, वारा नव्हता, आणि तिसऱ्याची बाही हळूच वर उचलली.

साळूबाई नांवाची विद्यार्थिनी दाराशीं उभी होती. तिनें सर्व पाहिलें, आणि लिहिलें, आणि पंतांपुढें ठेविलें. "पंत, ही बातमी शाळेच्या पत्रांत घ्यायची ना?"

पंतांनीं कागद दोनदां वाचिला. आठवी खुर्ची त्यांची होती. परंतु वीस वर्षें 'पाहिलें तें लिहा' ऐसेंच शिकवीत आले होते, आतां दुसरें काय सांगावें? म्हणाले, "घ्या. आणि खालीं माझेंही नांव घाला."

मग पत्र विद्यापीठाच्या दरवाजावर लाविलें, आणि लोक जमले, आणि म्हणों लागले, "कोरा कागद कशाला डकवला?" पंतांनीं डोळे चोळिले. अक्षरें तों ठसठशीत होतीं. मग साळूबाई मोठ्यानें वाचूं लागली. एका म्हातारीनें पुढें होऊन कागदावर हात फिरविला आणि म्हणाली, "अगं बया, शाई ओली हाय की!" मग तिला अक्षरें दिसलीं, मग शेजारणीस दिसलीं. इतक्यांत शिपाई धांवत आला. "वाचणें बंद करा! कागद कोरा आहे."

साळूबाई म्हणाली, "कोरा आहे, तर बंदी कशाची?"

शिपाई कुलगुरूंस पुसावयास माघारा धांवला.

एवंच, पंतांची चाकरी गेली, आठवा अंगरखा शिवला गेला, आणि शाळेस उत्तम दर्जा मिळाला. पंत आतां बाजारांतल्या पारावर शिकवितात, आणि साळूबाई पहिली येऊन बसते, आणि ऐकणारे रोज वाढतात. शाळेंतही वर्ग भरतात म्हणे. दारें बंद, बांकें रिकामीं, आणि आंतून आठ गळे एकच पाठ घोकितात. इतुकें जाहलें, तितुकें लिहिलें.