हेतरामभाऊंची बोलकी चिप

आमचे शेजारी हेतरामभाऊ रोज सकाळी ओसरीत बसून एका चिपची मनधरणी करतात. "बोल माय. एकदा ओके म्हण. काऊन रुसली?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोपट पाळला असावा. थोड्या वेळाने लॅपटॉपवर दोन इंग्रजी अक्षरं उमटतात आणि "ओके आला!" अशी आरोळी निम्म्या मुर्री गावाला ऐकू जाते.

मी या गावातला वायरमन. वीस वर्षं कोणाचीही मोटर बसली की लोक माझ्याच दारात यायचे. हेतरामभाऊ म्हणजे गोंदियाच्या राइस मिलमधून रिटायर झालेले गृहस्थ. टेस्टर धरायचे तोही उलटा. आणि या माणसाने घरामागच्या बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, मोटर खाटेवर पडल्या पडल्या मोबाइलवरून सुरू करून दाखवली! त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते समजावून सांगत. "हे मोठी चिप. डोकं हिचं. मोटर कवा चालू करायची, हिले समजते. पण हिले वायफाय येत नाई. ते या लहानीले येते. मंग दोघी दोन तारांवर बोलतात, एकामागं एक अक्षर. एका तारेवर बोलायचं, दुसरीवर आयकायचं. अन् दोघींचा वेग एकच पाहिजे गा, नाई त सारा कचरा."

हा वेग त्यांनी गावभर नेला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला म्हणाले, "वेग जुळव गा, मी अजून मागचीच जिलेबी खाऊन राहिलो." ग्रामसभेत नालीवरून दोघे जण एकदम ओरडत होते, तर हे उठले. "दोघंबी बोलायच्याच तारेवर बसले. आयकायच्या तारेवर कोण आहे?" सभा हसली, टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. माझ्या हातात तंबाखू होती.

त्यात घरी जेवताना बायको म्हणाली, "तुमी त लायसनवाले वायरमन. तुमाले काऊन नाई जमत जी?" 

मग मीही चिपा आणायला निघालो. गोंदियाचा दुकानदार म्हणाला, "भैया, ये चीज ऑनलाइन मंगाओ." मागवल्या. भाऊ बाजाराला गेल्याचं बघून त्यांच्या ओसरीत शिरलो आणि जोडणीचा फोटो काढून आणला. फोटो बघून मला हसू आवरेना. मोठ्या चिपच्या बोलायच्या पिनची तार लहानीच्या ऐकायच्या पिनला, आणि तिची बोलायची हिच्या ऐकायच्याला! म्हाताऱ्याने तारा उलट्या लावल्या होत्या. आम्ही जन्मभर लालला लाल आणि काळ्याला काळी जोडत आलो. यांचं चालतंय ते निव्वळ नशिबाने, असं म्हणून मी माझ्या जोडणीत ती चूक सुधारली. बोलायची बोलायच्याला, ऐकायची ऐकायच्याला. व्हिडिओ बघून प्रोग्राम टाकला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. दुपारभर मी बटण दाबत होतो.

धानाच्या हंगामात मोटर उचलत नसली की आमच्याकडचा वायरमन पहिल्यांदा म्हणतो, व्होल्टेज कमी आहे. मीही तेच म्हटलं. लहान चिपला तीन पॉइंट तीन व्होल्ट लागतात. मी पाच दिले. बारीकसा धूर निघाला आणि चिप गेली.

वास भिंतीपलीकडे गेला असणार, कारण हेतरामभाऊ लगेच दारात हजर. "काय जळलं गा?" मी घाईघाईने वर खांद्यावरचा दुपट्टा टाकला. त्यांनी तो उचलला. खाली जळकी चिप, आणि शेजारी मोबाइलवर त्यांच्याच ओसरीतला फोटो. आता ही गोष्ट टाळ्यांसकट ग्रामसभेत जाणार!

ते परत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत अकरा काळ्या पडलेल्या चिपा होत्या. एकेक उचलून माझ्या तळहातावर ठेवू लागले. "हे पहिली. मीबी बोलतीले बोलतीच जोडली होती. चालून नाई राहिली म्हणून पाच व्होल्ट देल्ले. हे दुसरी..."

"भाऊ, मी तुमच्या ओसरीत चोरून..."

"ते जाऊ दे ना बाप्पा." त्यांचे डोळे भरून आले होते. "तुही वहिनी गेली, तवापासून हे लावलं. चार वर्षं झाली. सारे मोटर पाहाले येतात. चिप कशी जळली, ते कोणी इचारत नाई. मी सांगू कोणाले? मुर्रीत माह्याशिवाय चिप जाळणारा तूच पहिला भेटला, गा."

त्यांनी माझी चिप डब्यात टाकली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आता सुरवातीपासून सांग. आधी कोणती तार लावली?"

मी सांगितलं. पोटातलं दुखणं गेलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण माझी फजिती इतकी जीव लावून कोणी कधी ऐकली नव्हती. धुरापर्यंत पोचून मी थांबलो. ते हळूच म्हणाले, "अजून एकदा सांग."