अ‍ॅटलस म्हणजे बक्षीस नव्हे

आमचा दादा ‘अ‍ॅटलस’ हा शब्द दिसेल तिथे भांडतो.

पोलादपुरात त्याने तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यापासून तो सगळ्या तालुक्यालाच वर्ग समजतो. महाडात एका जिमला हे नाव दिलंय आणि दारात पृथ्वी खांद्यावर घेतलेला प्लास्टरचा पहिलवान उभा केलाय, हे कळल्यावर तो मुद्दाम एसटीने गेला. मालक फैयाज त्याचाच विद्यार्थी, दुबईहून परतलेला.

“पृथ्वी नाय रे, आभाळ होतं त्याच्या खांद्यावर. आणि ती शिक्षा होती, बक्षीस नाय.”

“सर, आभाळ बनवायचं कसं? गोळा तयार मिळाला.”

नकाशांच्या पुस्तकांवर दादाचा जुनाच राग. ‘हमाल करून टाकला त्याला.’ वरंध घाटात बशीएवढ्या पंखांचा पतंग सापडला, त्याचंही नाव तेच निघालं, तर दादा पतंगावर भडकला. ह्याने काय उचललं, म्हणे.

अ‍ॅटलसची मूळ गोष्ट अशी. एक वीर येतो, अ‍ॅटलसचं आभाळ थोडा वेळ स्वतः धरतो. मग म्हणतो, टोचतंय, जरा धर, खांद्यावर चुंबळ ठेवतो. अ‍ॅटलस भोळा. धरतो. वीर चालता होतो.

हे सांगताना दादा माझ्याकडे बघत नाही. मला त्याचाच संताप येतो. बघावं ना एकदा!

अकरा वर्षांपूर्वी आमच्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगवायू झाला. मी म्हणालो, दादा, दोन महिने सांभाळ, ठाण्यात मोठी जागा घेतो आणि नेतो. जागा त्याच वर्षी मिळाली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

या शिमग्याला गाडी घेऊन गेलो. म्हटलं, आप्पांना न्यायला आलोय. दादा खवळला. “आता आठवण झाली? उचलता तरी येतं का तुला?”

नव्हतंच येत. मला बाजूला ढकलून त्याने आप्पांच्या मानेखाली हात घातला. “मान आधी. डोकं पेलतो त्या मणक्यालाही डॉक्टर अ‍ॅटलस म्हणतात. एवढंच नाव बरोबर ठेवलंय.” हा शब्द उच्चारताना तो चिडला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आप्पांना गाडीत बसवलं. दादा खिडकीशी आला आणि पुन्हा करवादला, “झोप लागेपर्यंत ते बोट धरून ठेवतात. घाईने सोडवून घेऊ नकोस.”

आप्पा टक्क जागे होते. दादाचं बोट त्यांच्या मुठीत होतं.

मी चावी फिरवली नाही.