पिशवी काढलेले भिकूतात्या

आमच्या वरकुट्याच्या भिकूतात्यांची गर्भाची पिशवी काढली होती. चेष्टा नाही. बारामतीच्या एका दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली, घोंगडी पांघरून ते स्वतःच तसं सांगत होते.

पिशवी खरं तर माझ्या आईची काढली. हे दुखणं अंगावर काढत तिनं वर्षानुवर्षं मेंढरं राखली. अंगारा झाला, भगत झाला. घरात पहिला पदवीधर मी. हट्टानं तिला बारामतीला आणलं. ऑपरेशन नीट झालं आणि गाव टेम्पो भरून भेटायला आलं. भेटायला गेलं नाही तर माणुसकी राहत नाही; गेल्यावर पेशंट राहतो का, हे कुणी बघत नाही. आईला भिंतीकडं सरकवून पाहुणे खाटेवर बसले. ती टाके धरून मला म्हणे, "चहा सांग की रं."

दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "हिला झोप मिळाली नाही तर अवघड आहे."

मी वॉर्डाच्या दारात आडवा झालो. "लई शिकलास व्हय?" म्हणत माझीच मावशी मला ढकलून आत गेली.

भिकूतात्या पहिल्याच टेम्पोनं आलेले, परत न गेलेले. एकटा जीव. "शिकल्याल्याचं काम न्हाय हे," म्हणाले, आणि आवारातल्या मोडक्या खाटेवर जाऊन निजले. पुढचा टेम्पो आला. "ती झोपलीया. तिच्या वाटचं मला इचारा."

लोक हसले. पण आणलेली द्राक्षं परत कशी न्यायची? बसलेच.

"तात्या, जेवान जातंय का?"

"पेज घेतो जरा."

"टाकं?"

"वढत्यात."

"आता जड उचलू नगा. पिशवी काढल्यावर जपावं लागतं."

"व्हय, बाईचा जन्म," तात्या म्हणाले. एका म्हातारीनं त्यांचे पायही चेपले.

आत आई गाढ झोपली. ताप उतरला. पुढं दवाखान्यानं दारावर भेटीच्या वेळेची पाटी लावली. ती कुणी वाचली नाही, म्हणून लिंबाखाली बाकडी टाकली.

आईला घरी सोडलं त्या दिवशी तात्या काही उठेनात. "चला की तात्या, आई बरी झाली."

"आजचा दिस ऱ्हाऊ दे. पिंपळीची माणसं यायची हायत."

आई पोट धरून सावकाश बाहेर आली. त्यांच्या खाटेच्या कडेला टेकली.

"तात्या, जेवान जातंय का?"

तात्यांनी घोंगडी तोंडावर ओढली. आतून आवाज आला, "जातंय की."

आई खडखडीत बरी झाली. रोज संध्याकाळी ती तात्यांच्या दारात जाऊन तेवढंच विचारून येते.